मीनंबाक्कम : टपालाच्या पिशवीपासून दोन कोटी प्रवाशांपर्यंत

आतापर्यंतच्या भागांत आपण किल्ले पाहिले, घाट पाहिले, छावण्या पाहिल्या. आज एका विमानतळावर बोलणार आहे. काही जण म्हणतील, विमानतळाला कसला आलाय इतिहास! तिथे माणूस थांबतच नाही. पण खिंडीतही कोणी मुक्काम करत नाही, तरी खिंडीचा इतिहास गडापेक्षा कमी नसतो, हे मराठी माणसाला मी काय सांगणार?

तर विमानतळ आहे चेन्नईचा, म्हणजे जुन्या मद्रासचा. जुनी माणसं त्याला अजून मीनंबाक्कमच म्हणतात, जसं आपण सांताक्रूझ आणि सहार म्हणतो. मुंबई-पुणे सोडून तिकडे कशाला, असं विचाराल. त्याचं असं आहे की बंगळुरू आणि हैदराबाद या दोघांनी २००८ साली आपले जुने विमानतळ सोडले आणि शहराबाहेर ऐसपैस संसार थाटला. चेन्नई मात्र जुन्याच घरात राहिलं. एक भिंत पाड, एक खोली वाढव, माळ्यावर माळा चढव. एकाच वाड्यात चार पिढ्या वाढल्या की काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. त्यामुळे गर्दी वाढत जाते तेव्हा प्रवाशाच्या सोयीचा विचार केव्हा होतो, इमारतीच्या आधी की नंतर, हे पाहायला हा विमानतळ फार चांगला. माझं उत्तर आत्ताच सांगून टाकतो. जवळजवळ प्रत्येक वेळी नंतर. आणि एकदा त्याची किंमत जिवाने मोजली गेली.

आधी जमीन समजून घेऊ, कारण या गोष्टीतलं निम्मं भांडण जमिनीचं आहे. नकाशा डोळ्यांसमोर आणा. ईशान्येला सेंट थॉमस माउंट नावाची टेकडी. तमिळमध्ये तिला परंगीमलै म्हणतात, म्हणजे फिरंग्यांची टेकडी. नैर्ऋत्येला पल्लावरम. एका अंगाला जीएसटी रोड, म्हणजे दक्षिणेकडे जाणारा मोठा रस्ता, आणि त्याला लागून लोकलची रेल्वे. दुसऱ्या अंगाला अड्यार नदी. या चौकटीत सुमारे १,३०० एकर जागा. धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेद देतात. मुंबईतही तेच दुखणं आहे. दोन धावपट्ट्या ऐकायला बऱ्या वाटतात, पण एकमेकींना छेदत असल्यामुळे त्यांचं काम दीडदेखील धरता येत नाही.

ही जमीन तशी साधीसुधी नाही. १० एप्रिल १८०२ रोजी विल्यम लॅम्बटन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने याच टेकडीच्या पायथ्याजवळून साखळीने आधाररेषा मोजायला सुरुवात केली. पुढे हिमालयापर्यंत गेलेल्या हिंदुस्थानच्या महामोजणीचा प्रारंभ तो. आणि ३० मे १८६३ रोजी पल्लावरममध्ये रॉबर्ट ब्रूस फूट या भूगर्भशास्त्रज्ञाला अश्मयुगीन माणसाची दगडी कुऱ्हाड सापडली. हिंदुस्थानातल्या आदिमानवाच्या संशोधनाची सुरुवात तिथून धरतात. म्हणजे तुमचं विमान उतरतं ते या दोन जागांच्या मधे. खिडकीची जागा मिळाली तर आठवण ठेवा.

या टेकडीच्या पायथ्याशी मीही घाम गाळला आहे. पदवी घेऊन १९८३ साली मी तिथल्या ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये दाखल झालो. तेव्हा ते 'स्कूल'च होतं, 'अकॅडमी' १९८८ साली झालं. पहाटेच्या पीटीच्या वेळी डोक्यावरून विमान गेलं की उस्तादांचा आवाज त्यात बुडून जायचा आणि तेवढाच आम्हाला विसावा मिळायचा. विमानाचं वेळापत्रक आम्हाला पाठ होतं, ते या कारणाने. रविवारी टेकडीच्या पायऱ्या चढून वर गेलं की सगळा विमानतळ ताटात वाढल्यासारखा दिसायचा. तेव्हा तो किती लहान होता!

आता इतिहासाकडे वळू. मद्रासमध्ये विमानाचं वेड फार लवकर आलं. १९१० साली माउंट रोडवरचे एक हॉटेलवाले, डी'अँजेलिस नावाचे, यांनी सिम्पसन कंपनीच्या मदतीने विमान बनवून घेतलं आणि उडवलं. सिम्पसन ही घोडागाड्या बनवणारी कंपनी. राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला तेव्हा सातच वर्षं झाली होती. पण ती हौस झाली. रीतसर सेवा आली ती २२ वर्षांनी, आणि ती आपल्या जुहूवरून आली.

१५ ऑक्टोबर १९३२ ची गोष्ट बहुतेकांना अर्धी माहीत असते. जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल घेऊन छोटं पस मॉथ विमान अहमदाबादमार्गे जुहूला आणलं. फोटो त्यांचाच छापतात. पण टपाल तिथे थांबलं नाही. त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट ते घेऊन पुढे निघाले, बेल्लारीला रात्रीचा मुक्काम केला आणि मद्रासला पोहोचले. रात्री उडण्याची सोय नव्हती, म्हणून मुक्काम. पावसाळ्यात जुहूचा चिखल व्हायचा, म्हणून त्या महिन्यांत हा कारभार पुण्याला हलवत. अशा रीतीने मद्रास या टपालवाटेचं शेवटचं ठाणं झालं.

पहिल्या वर्षाचा हिशोब पाहण्यासारखा आहे. जवळपास दहा टन टपाल आणि १५५ प्रवासी. वर्षभरात १५५! विमानाचं खरं गिऱ्हाईक होतं टपाल खातं. जागा उरली तर माणूस. हे नीट लक्षात ठेवा, कारण आपल्याकडच्या विमानतळांचा स्वभाव या काळात घडला आहे. माणूस हा मूळ हिशोबात नव्हता, तो वरकड होता.

स्वातंत्र्यानंतरही हे चालूच राहिलं, आणि त्यातला सर्वांत सुंदर अध्याय आपल्या नागपूरचा आहे. ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशा चार दिशांनी चार विमानं रात्री निघत आणि मध्यरात्रीनंतर सोनेगावला एकत्र जमत. मद्रासच्या पिशव्या दिल्लीच्या विमानात, कलकत्त्याच्या मुंबईच्या विमानात, अशी अदलाबदल होई, आणि पहाटेपर्यंत चारही विमानं आपापल्या गावी परत. आज अमेरिकेतल्या कुरिअर कंपन्या ज्या पद्धतीचं कौतुक करून घेतात, ती पद्धत आपल्या टपाल खात्याने नागपुरात इतक्या आधी चालवून दाखवली होती. या विमानांत प्रवासीही घेत. तिकीट स्वस्त, झोपेचं खोबरं, आणि नागपूरला विमान बदलायच्या वेळात काहीबाही खायला मिळे. मुंबईचा माणूस रात्री निघून सकाळी मद्रासला पोहोचायचा, तो नागपूरचा वळसा घालून! टपालाची सोय म्हणजेच प्रवाशाची सोय, असा तो मामला होता. धोकाही होताच. डिसेंबर १९५३ मध्ये नागपूरहून मद्रासला निघालेलं असंच एक डाकोटा विमान उडताच कोसळलं आणि १३ जण गेले.

१९५३ च्या १ ऑगस्टला विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं. पुढच्याच वर्षी मीनंबाक्कमला प्रवाशांसाठी पहिली इमारत झाली. मैदानाच्या ईशान्य टोकाला, मीनंबाक्कम वस्तीच्या बाजूला. नाव पडलं ते त्यामुळे. ही इमारत ३० वर्षांहून जास्त काळ पुरवली. पुरली असं मी म्हणत नाही, पुरवली. दरम्यान विमानं डाकोटापासून जंबोपर्यंत आली, सिंगापूर, आखात, कोलंबो सगळं वाढलं, पण प्रवासी त्याच दारातून.

आणि तिथेच २ ऑगस्ट १९८४ ची रात्र आली.

मी तेव्हा कमिशन घेऊन माझ्या पलटणीत पोहोचलो होतो. बातमी रेडिओवर ऐकली आणि पहिल्यांदा ती टेकडीवरून दिसणारी बैठी इमारत डोळ्यांसमोर आली. झालं असं होतं. कोलंबोच्या एअर लंका विमानासाठी एका प्रवाशाने चेक-इन केलं, दोन सूटकेस दिल्या आणि तो विमानात चढलाच नाही. त्या सूटकेसमध्ये बॉम्ब होते. ते कोलंबोच्या विमानतळावर उडवायचे, असा बेत होता, हे नंतर तपासातून पुढे आलं. सामानाच्या चिठ्ठ्यांचा घोळ झाला, मालक सापडेना, म्हणून सूटकेस मागे राहिल्या. धोक्याचे फोनही आले. पण हे सामान कोणी, कुठे, कुणाच्या हुकमाने हलवायचं यात वेळ गेला. रात्री ११ च्या सुमारास स्फोट झाला. ३३ माणसं गेली. त्यांत श्रीलंकेला जाणारे प्रवासी होते आणि विमानतळावर काम करणारे लोक होते. 'तमिळ ईलम आर्मी' नावाच्या गटाच्या लोकांवर खटला चालला आणि शिक्षा झाल्या.

लष्करात आम्हाला एक गोष्ट पहिल्या आठवड्यात शिकवतात. बेवारस वस्तू दिसली की आधी माणसं हलवा, मग वस्तूचा विचार करा. त्या इमारतीत माणसं हलवायला जागाच नव्हती, आणि हलवण्याचा हुकूम कोण देणार तेही कागदावर स्पष्ट नव्हतं. पोलीस वेगळे, कस्टम वेगळं, विमान कंपनी वेगळी, विमानतळ प्राधिकरण वेगळं. पुढच्या वर्षी २३ जून १९८५ रोजी 'कनिष्क' विमान अटलांटिकवर उडवलं गेलं आणि ३२९ लोक गेले. तिथेही तेच घडलं होतं. बॅग विमानात, बॅगवाला नाही. त्यानंतर जगभर नियम झाला की प्रवासी चढला नाही तर त्याचं सामानही जाणार नाही. तुमच्यापैकी जे नव्वदीत विमानाने फिरले असतील त्यांना आठवेल, विमानाच्या शिडीजवळ उन्हात बॅगा मांडलेल्या असत. आपली बॅग बोटाने दाखवायची, लोडर खूण करणार, मग ती पोटात जाणार. लोक वैतागायचे. मी कधी वैतागलो नाही, मला मीनंबाक्कम आठवायचं. डिसेंबर १९९९ च्या कंदाहार प्रकरणानंतर विमानतळांची सुरक्षा सीआयएसएफकडे गेली आणि 'हुकूम कोणाचा' हा प्रश्न बराचसा सुटला.

त्या दशकाच्या शेवटी नवीन इमारती आल्या. थोडं दक्षिणेला सरकून, तिरुसूलमच्या बाजूला. देशांतर्गत इमारतीला कामराजांचं नाव, आंतरराष्ट्रीय इमारतीला अण्णादुराईंचं. समोर रस्ता ओलांडला की लोकलचं तिरुसूलम स्टेशन. मुंबईच्या माणसाला याचा हेवा वाटला पाहिजे. विमानातून उतरून पाच-दहा रुपयांच्या तिकिटात गावात जाता येणारा विमानतळ देशात दुसरा शोधावा लागेल. आणि गंमत म्हणजे ही सोय कोणी मुद्दाम केलेली नाही. रेल्वे १९३१ पासून विजेवर धावत होतीच, इमारत तिच्यासमोर आली, झालं.

२००१ साली चेन्नई विमानतळाला आयएसओ ९००१:२००० प्रमाणपत्र मिळालं, देशातल्या विमानतळांत पहिलं. प्रमाणपत्र काय सांगतं? की कामाची पद्धत लिहून ठेवली आहे आणि त्याप्रमाणे काम होतं. ही चांगलीच गोष्ट आहे. पण पद्धत लिहिताना किती माणसं येणार हे गृहीत धरलेलं असतं, आणि तेच दोन वर्षांत मोडलं. २००३ च्या ऑगस्टमध्ये हुबळी-बंगळुरू मार्गावर एअर डेक्कनचं पहिलं विमान उडालं. काढणारे कॅप्टन गोपीनाथ, म्हणजे आमच्याच फौजेतले. स्वस्त तिकिटं निघाली आणि ज्यांनी विमानतळ फक्त सिनेमात पाहिला होता ती माणसं दारात आली. आपल्याकडून तिरुपती-रामेश्वरला निघालेली आजी-आजोबांची जोडी विमानात दिसू लागली ती तेव्हापासून. त्यांना रांग कुठली, गेट कुठलं, बोर्डिंग पास म्हणजे काय, हे सांगणारं कोणी नव्हतं. इमारती कंपनीच्या खर्चाने फिरणाऱ्या साहेबांसाठी बांधलेल्या होत्या.

२००६ मध्ये दिल्ली आणि मुंबई विमानतळ खासगी भागीदारीत गेले. चेन्नई सरकारी प्राधिकरणाकडेच राहिलं. प्राधिकरणाने मोठी विस्तारयोजना घेतली, सुमारे २,००० कोटींची. काचेच्या भव्य इमारती झाल्या, ३१ जानेवारी २०१३ ला उपराष्ट्रपती हमीद अन्सारींच्या हस्ते उद्घाटन झालं. आणि मग काचा पडायला लागल्या. विनोद नाही करत. छताचे तुकडे, भिंतीच्या काचा, ग्रॅनाइटच्या फरशा. वर्तमानपत्रं क्रिकेटच्या धावांसारखी मोजदाद ठेवत. पन्नास झाले तेव्हा सोशल मीडियावर अर्धशतकाचे विनोद फिरले. मद्रासच्या उन्हात, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात, दिवसभर विमानांच्या हादऱ्यात एवढी काच उभी करायची, तर तिची देखभाल कोण करणार आणि कशी, हे आधी ठरायला हवं होतं. बॅरेक बांधतानासुद्धा आम्ही विचारतो की कौल बदलायला शिडी कुठे लावायची.

आता २०१५. हा भाग मी जरा सावकाश सांगणार आहे.

आंतरराष्ट्रीय वाहतूक वाढली तशी दुसरी धावपट्टी लांबवायची ठरली. पण पुढे अड्यार नदी. मग नदीवर पूल घातला आणि पुलावर धावपट्टी नेली. देशात अशी नदीवरून गेलेली धावपट्टी दुसऱ्या कुठल्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर नाही. तांत्रिकदृष्ट्या काम अवघड होतं आणि ते झालं, याचं श्रेय द्यायला हवं. अड्यार म्हणजे वर्षातले दहा महिने ओढा. ती नदी आहे हे सगळे विसरून गेले होते.

ईशान्य मोसमी पाऊस त्या वर्षी नोव्हेंबरभर कोसळला. १ डिसेंबरला कळस झाला. शेजारच्या तांबरमला २४ तासांत ४९ सेंटिमीटर पाऊस. आपल्याकडे सोलापूरला वर्षभरात पडतो त्याच्या जवळपास दोन-तृतीयांश, एका दिवसात. वर चेंबरंबाक्कमचा तलाव भरला, पाणी सोडावं लागलं, ते अड्यारमधून आलं आणि थेट धावपट्टीवर पसरलं. रात्री विमानतळ बंद. तीसपेक्षा जास्त विमानं पाण्यात उभी. शेकडो प्रवासी इमारतीत अडकले. आत यायचा रस्ता नाही, बाहेर जायचा रस्ता नाही.

पुढचे दिवस ज्यांनी टीव्हीवर पाहिले त्यांना आठवत असेल. लष्कर, नौदल, एनडीआरएफ सगळे उतरले. विमानसेवेपुरतं बोलायचं तर मार्ग निघाला तो अरक्कोणमला. चेन्नईपासून पश्चिमेला सुमारे ७० किलोमीटरवर नौदलाचा 'आयएनएस राजाली' हा हवाई तळ आहे, धावपट्टी चांगली लांब. प्रवाशांना बसमधून तिथे नेलं आणि नौदलाच्या तळावरून नागरी विमानं उडवली. तिकीट खिडकी नाही, सरकता जिना नाही, काच तर अजिबात नाही. मंडपात टेबलं, हातात याद्या. माझ्या हिशेबी या विमानतळाच्या इतिहासातली सर्वांत चांगली ग्राहकसेवा त्या तीन-चार दिवसांत, त्याच्या हद्दीबाहेर मिळाली. रेल्वे स्टेशनांवर आमचे एमसीओ, म्हणजे फौजेची हालचाल सांभाळणारे अधिकारी असतात, ते असंच काम करतात. गाडी कुठली, माणूस कुठला, पाणी प्यायला का, पुढे चल. ६ डिसेंबरला मुख्य विमानतळ पुन्हा सुरू झाला. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळात धावपट्टीवर पुन्हा पाणी आलं आणि जवळपास एक दिवस बंद राहिला. या खेपेला निदान आधी बंद करून माणसं अडकू दिली नाहीत.

पुरानंतरही गर्दी थांबली नाही. २०१६ च्या सप्टेंबरात मेट्रो विमानतळाच्या दारात आली. २०१८-१९ मध्ये प्रवासी सव्वादोन कोटींवर गेले. कोरोनाने सगळं पाडलं आणि २०२३-२४ मध्ये आकडा परत दोन कोटी बारा लाखांवर आला. ८ एप्रिल २०२३ ला पंतप्रधानांनी नव्या एकात्मिक इमारतीच्या पहिल्या टप्प्याचं उद्घाटन केलं. १,२६० कोटी खर्च, आणि वर्षाला प्रवासी सामावण्याची क्षमता २ कोटी ३० लाखांवरून ३ कोटींवर. आत कोलमच्या रांगोळ्या, देवळांचे खांब, साडीचे काठ अशी सजावट आहे. देखणी आहे, मला आवडली.

पण सजावटीने रांग कमी होत नाही. लष्करी ताफ्याचा वेग त्यातल्या सर्वांत मंद गाडीचा असतो. विमानतळाचंही तसंच. रस्ता, दार, चेक-इन, सुरक्षा, गेट, धावपट्टी, परत सामान, परत रस्ता, या साखळीत जिथे सर्वांत अरुंद तिथली क्षमता ती विमानतळाची क्षमता. चेन्नईत अरुंद जागा एकातून दुसरीकडे सरकत गेली. २०२२ च्या डिसेंबरात सुमारे दोन हजार गाड्यांचं बहुमजली वाहनतळ झालं, त्यात पाच पडद्यांचं चित्रपटगृहही आलं. पूर्वी टॅक्सी इमारतीच्या दारात यायची, आता ॲपवरच्या टॅक्सीसाठी त्या वाहनतळात जायचं. सामान ढकलत, म्हातारी माणसं, कडेवर पोर. तक्रारींचा पाऊस पडला, मग बॅटरीच्या गाड्या आल्या. वाहनतळ आधी, म्हातारा माणूस नंतर.

ग्राहकसेवा मोजतात कशी, तेही सांगतो. जगभरच्या विमानतळांच्या संघटनेची एक पाहणी असते. तिच्या मूळ स्वरूपात, गेटजवळ बसलेल्या, विमानाची वाट पाहणाऱ्या प्रवाशाला प्रश्नावली देतात. स्वच्छता कशी, कर्मचारी कसे, पाचपैकी गुण द्या. आता गंमत बघा. गेटपर्यंत पोहोचलेला माणूस मुळात सुखरूप पोहोचलेला असतो. रात्री दोनला उतरून टॅक्सी शोधत फिरणारा माणूस या पाहणीत नसतो. ज्याचं विमान रांगेमुळे चुकलं तो नसतो. इस्पितळात फक्त बरे होऊन घरी निघालेल्यांना विचारण्यासारखं आहे हे.

भाषेचा मुद्दाही यातच येतो. ऑगस्ट २०२० मध्ये खासदार कनिमोळी यांनी जाहीरपणे सांगितलं की, आपण हिंदी येत नाही म्हणून तमिळ किंवा इंग्रजीत बोला असं म्हटल्यावर, या विमानतळावर सुरक्षेच्या एका अधिकाऱ्याने 'तुम्ही भारतीय आहात का' असं विचारलं. सीआयएसएफने चौकशी लावली. राजकारण बाजूला ठेवा. माझ्या पलटणीत जवान दहा प्रांतांतले असायचे, आणि जवानाची भाषा अधिकाऱ्याने शिकायची हा आमच्याकडचा दंडक. त्याची परीक्षा असते. विमानतळावर तपासणीला उभा राहिलेला माणूस आधीच बावरलेला असतो. त्याला त्याच्या भाषेत दोन शब्द कळले तर रांगसुद्धा लवकर सरकते. फेब्रुवारी २०२३ पासून चेन्नई 'शांत विमानतळ' झाला, म्हणजे गेटच्या घोषणा बंद, फलक वाचा. ज्याला वाचता येतं त्याला ही शांतता छान वाटते. बाकीच्यांनी कोणाकडे बघायचं?

चांगलंही सांगतो. २७ फेब्रुवारी २०२५ ला इथे 'उडान यात्री कॅफे' उघडला. कोलकात्यानंतरचा दुसरा. चहा दहा रुपये, पाणी दहा, कॉफी वीस, समोसा वीस. विमानतळावर दोनशेची कॉफी पाहून थर्मास घेऊन फिरणाऱ्या आपल्या मंडळींना यातलं सुख वेगळं सांगायला नको. टपालाच्या पिशवीवर बसून आलेल्या प्रवाशापासून इथपर्यंत यायला ९० वर्षं लागली.

आता पुढचा प्रश्न. जुन्या वाड्यात किती माळे चढवणार? ऑगस्ट २०२२ मध्ये दुसऱ्या विमानतळासाठी कांचीपुरम जिल्ह्यातलं परंदूर निवडलं गेलं, चेन्नईपासून सुमारे ७० किलोमीटर. पाच हजार एकरांहून जास्त जमीन, शेवटी वर्षाला दहा कोटी प्रवासी, असं चित्र आहे. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राची तत्त्वतः मान्यताही मिळाली. पण त्या जमिनीत एकनापुरम नावाचं गाव आहे, भातशेती आहे, आणि एकाला एक जोडलेली जुनी तळी आहेत. एकनापुरमच्या लोकांचं आंदोलन जानेवारी २०२५ मध्ये नऊशे दिवसांच्या पुढे गेलं होतं. ग्रामसभेचे ठराव झाले, निवडणुकीवर बहिष्कार झाला.

नाव ऐकून तुम्हाला काही आठवलं? परंदूर आणि आपलं पुरंदर. तिथेही सात गावं, पारगाव, वनपुरी, कुंभारवळण, आणि महात्मा फुल्यांच्या घराण्याशी नाव जोडलेलं खानवडी. २०२५ मध्ये तिथे ड्रोनच्या मोजणीवरून संघर्ष झाला. दोन्हीकडे शेतकऱ्याचं म्हणणं एकच आहे, आमच्या अंजिराच्या, भाताच्या जमिनीला किंमत लावू नका. आणि दोन्हीकडे शहराची अडचणही खरी आहे. पुण्याला लोहगाव हा हवाई दलाचा तळ, चेन्नईला टेकडी आणि नदी. मी दोन्ही बाजू ऐकल्या आहेत आणि मला कुणाला खोटं पाडता येत नाही. एवढं मात्र विचारावंसं वाटतं की तळ्यांच्या जमिनीवर धावपट्टी घालताना अड्यारच्या पुलाखालची ती रात्र कुणाच्या फायलीत आहे का.

परंदूरच्या बाबतीत एक गोष्ट नवी आहे. विटेवर वीट चढण्याआधीच पूनमल्लीहून परंदूरपर्यंत मेट्रोचा सुमारे ५३ किलोमीटरचा आराखडा तयार झाला आहे. सत्तर किलोमीटरवरचा प्रवासी गावात कसा येईल, याचा कागद या वेळी इमारतीच्या आधी निघाला. तळ्यांमधलं पाणी कुठून जाईल, यावर गावकरी आणि सरकार यांचं अजून जुळलेलं नाही.